सटवाई हसवते म्हणजे नक्की काय होतं? (तान्ह्या बाळाची झोप आणि स्वप्नं)

जागरणकर (धागाकर्ता)

बाळ सात आठवड्यांचं आहे. झोपेत ओठाचा एक कोपरा वर जातो, मग दुसरा, मग भुवया चढतात आणि लगेच कपाळाला आठी घालून खालचा ओठ बाहेर येतो. वीस सेकंदांत नवरसांपैकी पाच-सहा उरकतात. डोळे मात्र मिटलेले.

यावर घरात दोन पक्ष आहेत. आजीपक्ष म्हणतो सटवाई हसवतेय, हात लावू नका. गूगलपक्ष म्हणतो गॅस आहे. पोटाला हिंग लावावा यावर मात्र दोघांची युती आहे.

प्रश्न तीन. या वयात बाळाला स्वप्नं पडतात का? पडत असतील तर कशाची, अजून त्यानं पाहिलंय तरी काय? आणि रात्री दोन वाजता ते कुंथायला, हातपाय झाडायला लागलं की उचलायचं की नाही?

ऐकीव नको, नीट माहिती असलेल्यांनी लिहा.

टोपडं

हजेरी लावून ठेवते. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी द्या कुणीतरी, स्वप्नांचं नंतर बघू.

रात्रपाळी

हिंग बाजूला ठेवा, आधी झोप बघू.

नवजात बाळाची झोप दोनच प्रकारची असते, एक चळवळी आणि एक शांत. मोठ्यांच्या झोपेतल्या पायऱ्या अजून बांधून व्हायच्या असतात. चळवळ्या झोपेत पापणीआड बुबुळं फिरतात, श्वास कधी भरभर तर कधी अडखळत चालतो, बोटं उघडमीट करतात, ओठ चोखल्यासारखे हलतात. कण्हणं, कुंथणं, हसू, आठ्या, सगळं यातच. शांत झोपेत श्वास एका लयीत, चेहरा कोरा, मध्येच एखादा दचका, बाकी ओंडका. पूर्ण दिवसांच्या नवजात बाळाची निम्मी झोप चळवळी असते. तिसाव्या आठवड्याच्या सुमारास जन्मलेल्या बाळात हे प्रमाण ८० टक्क्यांच्या आसपास जातं. मोठ्या माणसाची डोळे फिरण्याची झोप, म्हणजे स्वप्नझोप, २० ते २५ टक्के भरते.

दुसरा फरक क्रमाचा. आपण आधी गाढ झोपेत उतरतो आणि स्वप्नझोप तास-दीड तासानं येते. तान्हं बाळ मागच्या दारानं शिरतं. डोळा लागला की थेट चळवळी झोप, साधारण २०-२५ मिनिटं, मग शांत झोप. असं एक आवर्तन ५० ते ६० मिनिटांत संपतं. आपलं ९० मिनिटांचं असतं. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात हा क्रम पालटतो.

म्हणून तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर: लगेच उचलू नका. कुंथणं, चुळबुळ, अगदी एखादी रड सुद्धा झोपेतलीच असू शकते. दिवा न लावता एक-दोन मिनिटं थांबा. डोळे मिटलेले असून आवाज येतो-जातो असं चाललं असेल तर ते दोन आवर्तनांमधला उंबरा ओलांडतंय. तेव्हा उचललंत तर तुम्हीच जागं केलंत. डोळे उघडले, डोकं वळवून तोंडानं शोधू लागलं, मूठ तोंडात गेली की भूक. तेव्हा मात्र रडण्याची वाट बघू नका, फार रडलेलं बाळ नीट पकडून पीत नाही.

एक अपवाद. जन्माचं वजन भरून येईपर्यंत (बहुतेकांचं दोन आठवड्यांत येतं) झोपलेल्या बाळाला उठवून पाजायचं असतं, चोवीस तासांत ८ ते १२ वेळा. कमी दिवसांचं किंवा कमी वजनाचं असेल तर तुमच्या डॉक्टरांचं वेळापत्रक चालेल, माझं नाही.

जागरणकर

रात्रपाळीताई, मग मांडीवर झोपलेलं बाळ गादीवर ठेवलं की पाचव्या मिनिटाला उठतं, त्याचंही हेच कारण?

रात्रपाळी

हेच. चळवळ्या झोपेत असताना ठेवलं जातं. २०-२५ मिनिटं धरून बसा. मग त्याचा हात कोपरापासून हळूच दोन इंच उचलून सोडा. ओल्या फडक्यासारखा पडला आणि श्वास एका लयीत असला तर शांत झोप लागलीय. ठेवताना आधी पाय, मग ढुंगण, मग पाठ, सगळ्यात शेवटी डोकं. डोकं आधी खाली गेलं की पडल्याचा भास होऊन दोन्ही हात फाकतात आणि खेळ संपतो. ठेवल्यावर एक तळवा छातीवर मिनिटभर राहू द्या, झटकन काढू नका. ही दचकण्याची प्रतिक्रिया चौथ्या ते सहाव्या महिन्यात मावळते.

खारीक_खोबरं

हाताची ही परीक्षा आमच्या ह्यांना लागू करून बघितली पाहिजे. कुकरच्या तीन शिट्ट्यांनी उठत नाहीत, पण रिमोट काढला की उठतात.

अळीवलाडू

दुपट्यात नीट गुंडाळलं तर दचकणं निम्मं होतं. पण कसं गुंडाळायचं ते बघा, कारण आपल्याकडे पाय सरळ करून करकचून बांधायची जुनी खोड आहे.

मऊ सुती कापड, साधारण एक मीटर चौरस. जुन्या धुतलेल्या साडीचं किंवा धोतराचं सगळ्यात छान. शंकरपाळ्यासारखं तिरकं पसरा, वरचा कोपरा वीतभर आत दुमडा. खांदे त्या घडीवर, मान घडीच्या बाहेर. एक हात छातीशी, त्या बाजूचं टोक अंगावरून नेऊन पाठीखाली. मग खालचा कोपरा सैल वर आणा, आत पाय बेडकासारखे दुमडून फाकवता आले पाहिजेत. मग दुसरी बाजू. छाती आणि कापड यांच्यात तुमची दोन बोटं सहज जायला हवीत. पाय सरळ आवळले तर खुब्याचा सांधा खोबणीत नीट बसत नाही आणि ते लंगडणं पुढे चालायला लागल्यावर कळतं.

गुंडाळलेलं बाळ फक्त उताणं. कुशीवरही नाही. वळायची लक्षणं दिसली (काहींची तिसऱ्या महिन्यातच दिसतात) की त्या दिवसापासून गुंडाळणं बंद. आणि घरात झोपताना टोपडं काढा. बाळ डोक्यावाटे बरीच उष्णता सोडतं. गरम होतंय का ते हातापायांवरून ठरवू नका, ते गारच असतात. मानेमागे बोट घाला. घाम असेल तर एक कपडा कमी.

टोपडं

माझ्या आयडीवर थेट हल्ला! निषेध!

पाटा_वरवंटा

सटवाईकडे येतो, कारण धाग्याचं नावच तिच्यावरून आहे आणि अजून तिला कुणी विचारलेलं नाही.

पाचवीच्या (कुठे सहावीच्या) रात्री पाटा-वरवंट्याची पूजा, शेजारी कोरा कागद आणि लेखणी, कारण सटवाई येऊन कपाळी लिहून जाते. गोव्यातही षष्ठीच्या रात्री जागरण असतं. तीच पुढे झोपेत बाळाशी बोलते, म्हणून हसू आणि रडू. काही घरांत असं सांगतात की ती म्हणते, 'तुझी आई मेली', आणि बाळ हसतं, कारण ते आत्ताच आईचं दूध पिऊन झोपलंय, त्याला थाप कळते. मला ही कल्पना फार आवडते. बाळाच्या ज्ञानाचा एकमेव पुरावा म्हणजे भरलेलं पोट!

पण पाचवी-सहावीच का, याबद्दल माझा एक तर्क आहे, तर्क म्हणूनच घ्या. नाळ घाणेरड्या विळीनं किंवा पात्यानं कापली जायची, तिला राख-शेण लागायचं, त्यातून नवजात धनुर्वात व्हायचा. त्याची लक्षणं जन्मानंतर तिसऱ्या दिवसापासून पुढे, बहुतेक वेळा पहिल्या आठवड्याच्या शेवटाला दिसतात. आधी बाळ चोखेनासं होतं, मग जबडा आवळतो, आणि चेहऱ्याचे स्नायू ताठून तोंड हसल्यासारखं वाकडं दिसतं. म्हणजे ज्या रात्री नशीब 'लिहिलं' जायचं, तो खरोखरच जगण्या-मरण्याचा आठवडा होता. बाळाच्या झोपेतल्या चेहऱ्याकडे घर इतक्या भीतीनं का बघायचं ते यावरून कळतं. गरोदरपणातली इंजेक्शनं आणि स्वच्छ बाळंतपण यामुळे हा आजार हटला आणि २०१५ मध्ये भारतातून माता व नवजात धनुर्वाताचं निर्मूलन झाल्याचं जाहीर झालं. सटवाईच्या लेखणीतली अर्धी शाई तिथेच संपली.

अर्धोन्मीलित

पाटा_वरवंटा, जबरदस्त प्रतिसाद. आता पहिल्या प्रश्नाकडे.

झोपेत डोळे फिरतात याचा शोधच मुळी लहान मुलांच्या निरीक्षणातून पुढे सरकला. शिकागो विद्यापीठात नॅथॅनिएल क्लाइटमन यांच्या हाताखाली युजीन असेरिन्स्की हा विद्यार्थी झोपलेल्या तान्ह्या बाळांच्या पापण्या तासन् तास बघत बसे. पुढे त्यानं स्वतःच्या आठ वर्षांच्या मुलाच्या डोक्याला तारा लावून रात्रभर नोंदी घेतल्या. १९५३ मध्ये दोघांचा निबंध आला, आणि १९५५ मध्ये बाळांच्या झोपेतल्या तासाभराच्या आवर्तनावर दुसरा. मोठ्या माणसांना त्या टप्प्यात उठवलं की ती बहुतेक वेळा स्वप्न सांगतात, म्हणून 'डोळे फिरतात म्हणजे स्वप्न' हे समीकरण रूढ झालं.

ते बाळाला लावता येत नाही. डेव्हिड फोक्स या मानसशास्त्रज्ञांनी मुलांना प्रयोगशाळेत झोपवून, डोळे फिरत असताना उठवून, वर्षानुवर्षं विचारलं. तीन ते पाच वर्षांची मुलं जेमतेम १५ टक्के वेळाच काही सांगायची. जे सांगत तेही एखादं स्थिर चित्र, बहुधा प्राण्याचं. हालचाल नाही, गोष्ट नाही, स्वतः मूल त्यात काही करत नाही. घटनांची साखळी असलेलं, 'मी' पात्र म्हणून वावरतो असं स्वप्न सात-आठ वर्षांच्या पुढे येतं. आणि सांगण्याची क्षमता भाषेपेक्षा मनात चित्र फिरवण्याच्या क्षमतेशी जास्त जुळत होती. म्हणजे शब्द नव्हते म्हणून सांगितलं नाही, एवढ्यावर हे भागत नाही.

तेव्हा सात आठवड्यांच्या बाळाला आपल्यासारखं स्वप्न पडत नाही, असं मी ठामपणे म्हणेन.

बोरकूट

'आपल्यासारखं' या शब्दावर तुम्ही सगळा डोलारा उभा केलात, काका. स्वप्नाला चित्र आणि गोष्ट लागतेच कशाला? जन्मांध माणसांना स्वप्नं पडतात. त्यांत आवाज असतो, स्पर्श असतो, वास असतो, चित्र नसतं. मग बाळाला दुधाची चव, आईच्या कुशीचा वास, मांडीवरचं हलणं हे झोपेत पुन्हा का येऊ नये? पोटात असताना ऐकलेला आईचा आवाज बाळ जन्मल्याबरोबर ओळखतं. म्हणजे साठा आहे. धागाकर्त्याच्या दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर तेच: त्यानं पाहिलं कमी असेल, पण हुंगलं-चाखलं भरपूर आहे.

अर्धोन्मीलित

मुद्दा चांगला आहे. पण अंधांचंच उदाहरण पूर्ण घ्या. ज्यांची दृष्टी पाच वर्षांच्या आधी गेली त्यांच्या स्वप्नात सहसा चित्रं नसतात. सातनंतर गेली तर राहतात. म्हणजे त्या मधल्या वर्षांत मन चित्रं स्वतःहून घडवायला शिकतं. नुसता साठा पुरत नाही, साठ्यातून घडवणारा कारागीर लागतो, आणि तो उशिरा कामावर येतो. चव आणि वासाच्या बाबतीत तो लवकर येतो असा पुरावा दाखवा, मी पक्ष बदलतो.

बोरकूट

पुरावा मागायचा तर सात आठवड्यांच्या साक्षीदाराला उभं करावं लागेल आणि तो कोर्टातच झोपेल. पण मग एवढी चळवळी झोप असते कशासाठी? निम्मी झोप निसर्ग उगाच खर्च करणार नाही.

रात्रपाळी

त्याचं एक उत्तर आहे, आणि मला स्वप्नापेक्षा तेच जास्त सुरस वाटतं. अमेरिकेत आयोवा विद्यापीठात मार्क ब्लमबर्ग यांनी उंदरांच्या पिल्लांच्या झोपेतल्या बारीक झटक्यांवर बरंच काम केलंय. समज असा होता की मेंदूत स्वप्न चालू आहे आणि त्याचे तुकडे हातापायांत गळतात. त्यांना उलट वाटतं. मेंदूचा मज्जारज्जूला लागून असलेला खालचा भाग एक बोट हलवतो आणि वरचा भाग 'हे बोट माझं, ते इथे आहे' अशी नोंद घेतो. जागेपणी सगळं एकदम हलतं, त्यामुळे वेगळं कळत नाही. झोपेत एकेक अवयव सुटा हलतो. लाईनमन खांबाखांबावर जाऊन कुठली तार कुठल्या घरात जाते ते तपासतो, तसं. बाळाची ती वीस सेकंदांतली पाच-सहा सोंगं म्हणजे चेहऱ्याच्या तारांची तपासणी असावी. झोपेतलं हसू कमी दिवसांच्या बाळांतही दिसतं, त्याला गंमत कळावी लागत नाही.

गॅसपक्षासाठी: गॅसनं बाळ लाल होतं, पाय पोटाशी घेतं, कळवळतं. हसत नाही. आणि तुमचं सात आठवड्यांचं आहे, म्हणजे जागेपणीचं खरं, तुमच्याकडे बघून येणारं हसू याच सुमारास येतं, सहाव्या ते आठव्या आठवड्यात. पिऊन, शी-शू उरकून शांत जागं असताना तोंड २०-३० सेंमीवर न्या (तेवढंच नीट दिसतं), हळू बोला आणि गप्प राहून थांबा. उत्तर द्यायला त्याला काही सेकंद लागतात. आपण मध्येच खुळखुळा वाजवून घोटाळा करतो.

सह्याद्रीचा_उंदीर

उंदरांचा उल्लेख आल्यामुळे आयडीला जागून प्रतिसाद देणं भाग होतं. लाईनमनची उपमा फक्कड. आमच्या भागात मात्र तो तपासून गेला की दोन दिवस लाईट जाते.

खारीक_खोबरं

थोडं विषयांतर. बाळ छान झोपावं म्हणून गुटीत जायफळाचे वेढे वाढवायला सांगतात. वेखंडही असतंच. यावर जाणकार काय म्हणतील?

अळीवलाडू

जाणकार म्हणतील, नको. जायफळानं झोप येते ती गुंगी असते. त्यातलं मिरिस्टिसिन जास्त झालं तर मोठ्या माणसालाही धडधड, ओकारी आणि भ्रम होतो. सहाणेवरचे वेढे मोजून मात्रा ठरत नाही. एकाचा वेढा हलका, एकाचा दाबून, जायफळ जुनं की ताजं, सहाण खरबरीत की गुळगुळीत, सगळ्यानं फरक पडतो. तीन किलोच्या जिवाला तेवढा फरक पुरतो. शिवाय सहाण धुतलेली नसते आणि वरून मध घालतात. मध वर्षाच्या आत अजिबात नको. त्यातल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे बाळाला बोट्युलिझम होऊ शकतो, स्नायू लुळे पडतात. सहा महिने फक्त आईचं दूध. पाणीसुद्धा नाही, मग गुटी कुठली?

पाटा_वरवंटा

अळीवलाडू, या बाबतीत इतिहास तर भयंकरच आहे. मुंबईत गिरण्यांच्या काळात बाया पाळीवर जाताना बाळ झोपून राहावं म्हणून अफूची 'बाळागोळी' देत. बाळ शांत राही, म्हणजे पीतही नसे. 'शांत बाळ' हे कौतुक करताना ते का शांत आहे हे विचारायची गरज तेव्हापासूनची.

मिठमोहरी

पण सगळ्याच जुन्या गोष्टींना मोडीत काढू नका हो. पिढ्यान् पिढ्या गुटी, धुरी, शेक घेऊनच वाढल्या ना? मालिश-अंघोळीनंतर बाळ तीन तास गाढ झोपतं ते काय उगाच?

अळीवलाडू

मिठमोहरीताई, मालिश-अंघोळीला माझं शंभर टक्के अनुमोदन. कोमट पाण्यानं कातडीकडे रक्त येतं, नंतर शरीराचं आतलं तापमान थोडं उतरतं आणि त्या उतारावर झोप लागते. पण शेगडी आणि धुरी वेगळी. बंद खोलीत निखाऱ्याचा कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नसतो आणि त्यानंही 'गाढ झोप' लागते. ओवा-शेपा-ऊद यांचा धूर बाळाच्या अरुंद श्वासनळीला सोसत नाही. डासांच्या अगरबत्तीचंही तेच, त्यापेक्षा छत्रीची मच्छरदाणी. पिढ्या वाढल्या त्या धुरी असताना वाढल्या, धुरीमुळे नव्हे.

जाता जाता: झोपताना गळ्यातला काळा दोरा, ताईत, मणी काढून ठेवा, अडकून फास बसतो. तीट लावायची तर तळपायाला. बाजारच्या काजळ-सुरम्यात शिसं सापडलेलं आहे आणि गालावरचं हाताला, हातावरचं तोंडात जातं.

मिठमोहरी

धुरीचं पटलं. दृष्ट मात्र मी काढणारच.

अळीवलाडू

जरूर काढा, मिरच्या दुसऱ्या खोलीत जाळा.

कोपऱ्यातली_झोळी

झोळीबद्दल कुणी बोललं नाही. आयडीला स्मरून लिहितो.

झोळीत बाळ झोपतं कारण अंग चहूबाजूंनी लपेटलं जातं आणि झोका एका लयीत चालतो. धोका पण त्याच लपेटण्यात. डोकं पुढे झुकून हनुवटी छातीला टेकली की मऊ श्वासनळी दुमडते. बाळ रडत नाही, नुसतं गप्प होतं. म्हणून झोळी दिवसा, समोर कुणी जागं असतानाच. सुती नऊवारी दुहेरी करून, कडीला गाठ दोनदा, आधी दहा किलोचा तांदळाचा डबा ठेवून झोके देऊन बघा. वरच्या बाजूला कापड फाकवायला हातभर लांब गुळगुळीत दांडी घाला, नाहीतर दोन्ही पदर तोंडावर मिटतात. तळ जमिनीपासून फूटभरच वर, खाली सतरंजी. हनुवटीखाली दोन बोटं जातात का ते दर वेळी बघा. बाळ वळू लागलं की झोळी घडी करून कपाटात. तोंड बाहेर काढून मान कापडात अडकते.

टोरांटोची_टिकली

इथे झोळी दाखवली तर नर्सबाई फिट येऊन पडतील. पण झोळीवाल्यांनी सांगितलेला हनुवटीचा मुद्दा गाडीच्या बाळ-सीटलाही तंतोतंत लागू आहे हे इकडचे लोक विसरतात. सीट गाडीतच, घरात आणून त्यात झोपवायचं नाही.

अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनं १९९२ मध्ये बाळाला पालथं झोपवू नका असं सांगितलं, १९९४ पासून 'उताणं झोपवा' मोहीम चालली आणि झोपेतले अचानक मृत्यू खूप घटले. २०२२ च्या त्यांच्या सूचना थोडक्यात: उताणं, कडक सपाट गादी (उतार १० अंशांच्या आत), बाळाच्या जागेत उशी, लोड, गोधडी, मऊ खेळणं काही नाही, आणि निदान सहा महिने आईबाबांच्याच खोलीत पण वेगळ्या जागी. धोका दुसऱ्या ते चौथ्या महिन्यात सर्वांत जास्त.

यात आपली मोहरीची उशी बसत नाही. डोकं गोल व्हावं म्हणून ती देतात, पण मान पुढे येते आणि शिवण उसवली तर मोहरी थेट नाकातोंडात. डोकं गोल हवं तर जागेपणी, तुमच्या नजरेसमोर, रोज थोडा थोडा वेळ पालथं घाला, आणि रात्री पाळण्यात डोक्याची बाजू आलटून पालटून ठेवा. बाळ उजेडाकडे किंवा तुमच्याकडे मान वळवतं, म्हणून त्याची मान वळवू नका, निजवायची दिशा बदला.

जागरणकर

आपल्याकडे एकाच गादीवर सगळे झोपतात, त्याचं काय?

रात्रपाळी

जमिनीवर, कापसाची दाबून बसलेली गादी, बाळ आईच्या बाजूला, भिंत आणि गादी यांच्यात फट नाही, जड गोधडी कमरेच्या वर येत नाही, अशी व्यवस्था असेल तर धोका कमी, शून्य नाही. घरात कुणी विडी-सिगारेट ओढत असेल, दारू किंवा गुंगीचं औषध घेतलं असेल, बाळ कमी दिवसांचं असेल, तर एकत्र बिलकूल नको. आणि सोफ्यावर बाळ छातीवर घेऊन डुलकी काढणं सगळ्यात वाईट. पाजताना झोप अनावर होणार असेल तर सोफ्यापेक्षा गादीवर बसून पाजा.

सह्याद्रीचा_उंदीर

दिवस-रात्र उलटी झालेल्या बाळासाठी काही? रात्री खेळतं, दिवसा घोरतं.

अर्धोन्मीलित

बाळाचं स्वतःचं घड्याळ दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात चालू होतं, तोवर ते उसन्या घड्याळावर चालतं. एक घड्याळ आईच्या दुधात असतं. रात्रीच्या दुधात मेलाटोनिन असतं, दिवसाच्या दुधात जवळजवळ नसतं. दूध काढून ठेवणाऱ्यांनी बाटलीवर तारखेबरोबर वेळही लिहावी आणि रात्रीचं रात्रीच द्यावं. दुसरं घड्याळ उजेड. सकाळी पडदे उघडे, दिवसाच्या झोपेतही घरातले नेहमीचे आवाज चालू. रात्री पाजताना ट्यूबलाईट नको, पिवळा-तांबडा मंद दिवा, बोलणं बंद, शी नसेल तर लंगोटही शक्यतो न बदलता. (जुना 'झिरो'चा बल्ब झिरो नव्हता, चांगला १२-१५ वॅट खायचा.) मोबाईलवरचा घूंऽऽ आवाज लावत असाल तर दोन मीटर लांब आणि ५० डेसिबलच्या आत, उशाशी नाही.

टोपडं

एक गंभीर शंका. झोपेतले झटके आणि फिट यांतला फरक घरी कसा ओळखायचा?

रात्रपाळी

चांगलं विचारलंत. निरुपद्रवी झटके फक्त झोपेत येतात. बाळाला नीट जागं केलं की त्या क्षणी थांबतात. पाळणा हलवला तर उलट वाढतात. चेहऱ्यावर सहसा येत नाहीत. पहिल्या काही आठवड्यांत येतात आणि बहुतेकांचे सहा महिन्यांच्या आत जातात. फिटचा झटका जागं केल्यानं थांबत नाही, जागेपणीही येतो, डोळे एका बाजूला खेचले जातात, रंग बदलतो.

तिसऱ्या महिन्यानंतर एका प्रकाराकडे खास लक्ष द्या. झोपेतून उठल्या-उठल्या बाळ मान आणि हात एकदम पुढे घेऊन दुमडतं, दोन सेकंदांनी सुटतं, काही सेकंदांनी पुन्हा, असे ओळीनं पाच-दहा वेळा. लोक याला दचकणं किंवा पोटदुखी समजतात. मोबाईलवर चित्रीकरण करा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, ही फिटच असू शकते आणि उशीर झाला तर मेंदूची वाढ खुंटू शकते.

श्वासाचं: ५-१० सेकंदांची थांब आणि मग भरभर श्वास, हे तान्ह्या बाळात चालतं. २० सेकंदांच्या वर थांबला, ओठ निळे पडले, बाळ लुळं पडलं तर सरळ दवाखाना.

बोरकूट

काकांसाठी एक शेवटची पुडी सोडतो. बृहदारण्यक उपनिषदात काशीचा राजा अजातशत्रू गार्ग्य नावाच्या विद्वानाला गाढ झोप समजावतो तेव्हा उपमा देतो लहान मुलाची, महाराजाची आणि महाब्राह्मणाची, आनंदाच्या परमावधीला जाऊन निजलेल्या. आणि ती स्वप्नाची नव्हे, स्वप्नापलीकडच्या झोपेची उपमा आहे! म्हणजे मीच तुमच्या पक्षाला पुरावा दिला.

अर्धोन्मीलित

स्वीकारतो. फक्त अजातशत्रूनं रात्री दोन वाजता बाळ सांभाळलेलं नसावं, नाहीतर चळवळ्या झोपेवरही एखादा श्लोक असता.

जागरणकर

सर्वांचे आभार. मोहरीची उशी आणि गळ्यातला दोरा यांवर घरात ठराव मांडतो, हिंगावर युती कायम राहील. शेवटचा प्रश्न: पाळण्यावर लाकडी चिमणाळं टांगायचं आहे. किती उंचीवर?

कोपऱ्यातली_झोळी

नाकाच्या बरोबर वर नको, छातीच्या वर जरा बाजूला, २५-३० सेंमीवर. चिमण्या काळ्या-पांढऱ्या किंवा लाल, फिकट रंग अजून दिसत नाहीत. दोरे वीतभराहून लांब नकोत. झोपेच्या वेळी काढून ठेवा, आणि बाळ हातांवर रेटा देऊन छाती उचलू लागलं की कायमचं काढा.

अर्धोन्मीलित

चिमण्या स्वप्नात आल्या का ते सात वर्षांनी विचारून इथेच लिहा. धागा वर काढायला निमित्त होईल.